धोनी सात वेळा धावबाद

१० जुलै २०१९ रोजी महेंद्रसिंग धोनी मँचेस्टरला एकदा धावबाद झाला, अशी क्रिकेटच्या दप्तरी नोंद आहे. ही नोंद तपासून घ्यायला हवी. मी स्वतः हजर होतो. म्हणजे मँचेस्टरला नव्हे, कल्याणकडे निघालेल्या फास्ट लोकलच्या डब्यात. त्या एका डब्यात धोनी निदान सात वेळा धावबाद झाला.

त्याचं असं झालं, की वर्ल्ड कपचा न्यूझीलंडविरुद्धचा उपांत्य सामना आदल्या दिवशी पावसानं अर्धवट राहिला आणि उरलेला बुधवारी खेळवायचं ठरलं. क्रिकेटला राखीव दिवस असतो, बँकेला नसतो. कॅश जुळवून मी गाडी गाठली तेव्हा जडेजा आणि धोनी किल्ला लढवत होते. मला चौथी सीट मिळाली होती, म्हणजे अर्धा मी बसलो होतो आणि अर्धा लटकत होतो. डब्यात ज्याच्या त्याच्या हातात फोन आणि ज्याच्या त्याच्या फोनात धोनी. ठाणं सुटलं आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. हा बोगदा १९१६ सालचा. बांधणाऱ्या साहेबानं पुष्कळ दूरचा विचार केला असेल, पण इंटरनेटचा केलेला दिसत नाही. एकेक फोन थांबत गेला आणि प्रत्येकावर ते गोल गोल फिरणारं चक्र सुरू झालं.

बोगदा संपला, फोन पुन्हा सुरू झाले. पण सगळे एकदम नव्हेत. दारातला माणूस "गेला!" म्हणून ओरडला तेव्हा माझा धोनी अजून हातमोजे सारखे करत होता. मग खिडकीतल्या काकांचा धोनी गेला. मग पत्ते बाजूला ठेवून बसलेल्या चौकडीचा गेला. मग माझा. तेवढ्यात कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, "माझा अजून आहे हो!" आणि तुम्हांला खोटं वाटेल, पण ज्यांचे ज्यांचे धोनी गेले होते ते सगळे उठून त्या माणसाच्या फोनभोवती जमले. जणू त्याच्या फोनात तरी तो पोचेल. श्वास रोखून आम्ही पाहिलं. तिथंही गपटिलची फेक नेमकी लागली.

माझा भाचा हिंजवडीला याच धंद्यात आहे. त्याला मी हा किस्सा सांगितला तर तो हसला आणि म्हणाला, "मामा, उशिरा दिसला म्हणूनच दिसला." त्याला आणखी विचारलं तेव्हा त्यानं दोन पुस्तकं दिली. मी पडलो बी.कॉम. पुस्तकांतली समीकरणं मी ग्राहकानं पासबुकावरचे नियम सोडावेत तशी सोडून दिली. उरला तो इतिहास, आणि तो वाचताना लक्षात आलं, की यातलं मुख्य भांडण आमच्या घरात गेली वीस वर्षं चालूच होतं.

आमचे अण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. साडेपाचची गाडी म्हणजे साडेपाचची. अर्धी रिकामी असो, कुणाची आत्या पिशवी घेऊन धावत येत असो, अण्णांची शिट्टी वाजली की गाडी हलली. "मागं राहील तो पुढच्या गाडीनं येईल," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मी बँकेत. आमच्याकडे वेळेला कुणी विचारत नाही, पण हिशोब पैशापर्यंत जुळायला हवा. एकदा दोन रुपयांच्या फरकापायी आम्ही सगळे रात्री सव्वानऊपर्यंत शाखेत बसलो होतो. तेवढ्या वेळात पंख्यांनी दोन रुपयांहून जास्त वीज खाल्ली. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "खिशातले दोन रुपये टाकायचे आणि सुटायचं." मी हबकलो. बँकेत याला अफरातफर म्हणतात.

इंटरनेटवाल्यांचं भांडण नेमकं हेच. १९६० च्या सुमाराला अमेरिकेत पॉल बॅरन आणि थोड्याच वर्षांनी इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांच्या स्वतंत्रपणे डोक्यात आलं, की निरोप अख्खा पाठवायचा नाही. त्याचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि वाट मिळेल तसे सोडायचे. पलीकडच्यानं ते लावून घ्यावेत. तुकड्याला 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांनी दिलं. या तत्त्वावर उभारलेल्या जाळ्यातून २९ ऑक्टोबर १९६९ ला कॅलिफोर्नियात पहिला शब्द पाठवायला घेतला. शब्द होता 'लॉगिन'. पोचली पहिली दोन अक्षरं आणि पलीकडचं यंत्र बसलं. म्हणजे मालाची तूट पहिल्या दिवसापासूनची आहे.

तूट भरून काढायला १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी एक पद्धत मांडली. तिला पुढं टीसीपी म्हणू लागले. ही पद्धत अस्सल बँकवाल्याची. प्रत्येक तुकड्याची पोचपावती यायला हवी. पावती आली नाही की तुकडा पुन्हा पाठवा. पुढचे तुकडे आले असले तरी मधला येईपर्यंत त्यांना बाकावर बसवून ठेवा. फरक शून्य झाल्याशिवाय दिवस बंद नाही. मला ही पद्धत वाचून इतका आनंद झाला, की मी ती बायकोला वाचून दाखवली. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

पण त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, डॅनी कोहेन आणि मंडळींनी या जाळ्यातून बोलण्याचा प्रयोग केला. एक टोक कॅलिफोर्नियात, दुसरं मॅसॅच्युसेट्समध्ये. आणि तिथं बँकेचा नियम लंगडा पडला. पत्रातलं एक अक्षर गळलं आणि ते दोन सेकंदांनी आलं तर पत्राचं काही बिघडत नाही. बोलण्यातलं अक्षर दोन सेकंदांनी येऊन काय करणार? त्याची वाट पाहत थांबलात तर पुढचं सगळं वाक्य खोळंबतं. त्यापेक्षा गळलं ते गळलं, पुढं चला. कोहेन यांच्यासारख्यांनी हा धोशा लावला, तेव्हा पोचपावतीचं काम आणि नुसतं पोचवण्याचं काम वेगळं करण्यात आलं, आणि १९८० मध्ये पोचपावती न मागणारी यूडीपी नावाची दुसरी पद्धत कागदावर आली. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला तो कागद अवघा तीन पानांचा आहे. आमच्याकडे पंखा दुरुस्तीचं परिपत्रक याहून मोठं असतं. शिट्टी मारायची आणि गाडी सोडायची, एवढंच सांगायला तीन पानं पुरली. अण्णांना एक पुरलं असतं.

पाठ्यपुस्तकांत या दोन स्वभावांना 'वाइन' आणि 'दूध' अशी नावं आहेत. एकात जुना माल मोलाचा, दुसऱ्यात ताजा. आमच्या घरात वाइनचा अनुभव नसल्यानं मी पहिल्याला लोणचं म्हणतो.

लोणचंवाल्यांची फजिती १९८६ च्या ऑक्टोबरात झाली आणि ती वाचताना मला आमच्या शाखेतला नोव्हेंबर २०१६ आठवला. बर्कलीला टेकडीवर एक प्रयोगशाळा, खाली विद्यापीठ. मध्ये अंतर चारशे यार्ड. सेकंदाला ३२ हजार बिट नेणाऱ्या या वाटेवरून एकाएकी सेकंदाला ४० बिट जाऊ लागले. म्हणजे इंग्रजी पाच अक्षरं. कागदावर लिहून शिपायाच्या हाती दिलं असतं तर तो चहा पिऊन आधी पोचला असता. कारण काय? गर्दीमुळं पोचपावती उशिरा येई. पावती नाही म्हणून प्रत्येक यंत्र तोच तुकडा पुन्हा पाठवी. त्यानं गर्दी आणखी वाढे. नोटाबंदीत हेच झालं होतं. पैसे मिळतील की नाही अशी धास्ती, म्हणून एकेका घरातली चार माणसं रांगेत. रांग वाढली म्हणून धास्ती जास्त. व्हॅन जेकबसन यांनी उपाय काढला आणि १९८८ मध्ये तो छापला. पावती येत नाही याचा अर्थ तुमचा तुकडा हरवला एवढाच नाही, वाट तुंबली असाही आहे; तेव्हा आपण होऊन हात आखडा, मग हळूहळू वाढवा. कुणी हवालदार नाही, दंड नाही, प्रत्येक यंत्रानं स्वतःच जरा मागं सरायचं. आणि ती सरतात! मी हे वाक्य दोनदा वाचलं, कारण मी डोंबिवलीला उतरतो.

आता चित्राचं. टीव्हीचं चित्र आकड्यांत मांडायचं एक प्रमाण १९८२ साली ठरलं. त्याप्रमाणे स्टुडिओतलं चित्र सेकंदाला २१ कोटी ६० लाख बिट खातं. १९९५ च्या सुमाराचा चांगला घरगुती मोडेम सेकंदाला २८,८०० बिट ओढायचा. भागाकार करून पाहा, आमचा तोच धंदा आहे: एका सेकंदाचं चित्र यायला दोन तास पाच मिनिटं. धोनीची एक धाव पाहायला रजा टाकावी लागली असती.

ही गाठ सोडवणाऱ्यांत एक नाव बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांचं आहे. कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात ते शिकवत. चित्रातलं डोळ्याला जाणवतं तेवढं ठेवून बाकीचं सोडून देता येईल असं एक गणित त्यांना सुचलं, आणि १९७२ मध्ये त्यांनी सरकारी विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितलं. अर्ज नामंजूर. एका तपासनिसाचा शेरा, की कल्पना फारच सोपी आहे! असे शेरे मारणारी माणसं केवळ आपल्याकडेच असतात अशी माझी समजूत होती; ती गेली. अहमद यांनी घरी बायकोशी बोलून, उन्हाळ्याच्या पगारावर पाणी सोडून ते काम केलं. विद्यार्थी नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्याबरोबरचा त्यांचा लेख जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. फोनमधला फोटो घ्या नाहीतर चालतं चित्र घ्या, बहुतेकांच्या पोटात हे गणित किंवा त्याचे वंशज आहेत. आम्ही दोन रुपये सोडत नाही. इथं शंभरातले नव्वदाहून जास्त सोडून दिले आणि डोळ्याला पत्ता लागला नाही.

एवढ्या तयारीनं मंडळींनी जगाला काय दाखवलं म्हणाल, तर कॉफीची किटली. केंब्रिज विद्यापीठात संशोधकांची कॉफी दूरच्या खोलीत होई आणि जिने चढून गेल्यावर ती संपलेली असे. १९९१ मध्ये त्यांनी किटलीवर कॅमेरा रोखला. चित्र मिनिटाला साधारण तीनदा बदलायचं. किटलीही त्याच वेगानं भरायची, म्हणून तक्रार नव्हती. १९९३ पासून ही किटली जगभर दिसू लागली. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला तेव्हा किटली लिलावात ३,३५० पौंडांना गेली. आमच्या कॅन्टीनची किटली कुणी फुकट नेणार नाही.

मग संगीत. १९९३ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणकवाल्यांच्याच एका हौशी बँडनं या जाळ्यावरून पहिला थेट कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात रोलिंग स्टोन्सनी डलासहून वीस मिनिटं दाखवायचं ठरवलं, तर ही हौशी मंडळी त्यांच्या आधी त्याच वाटेवर जाऊन वाजवून आली, न बोलावता. नाटकाच्या आधी रंगमंचावर चढून पेटी वाजवणारे आपल्याकडेही असतात.

मी स्वतः या इतिहासात १९९९ साली शिरलो. कॉलेजात होतो. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून एका इंग्रजी सिनेमाची झलक लावली. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. तासाभरात अकरा सेकंदं पाहिली आणि त्यात एक माणूस दार उघडतो. दारापलीकडे काय होतं ते अजून मला माहीत नाही.

दोष मोडेमचा होताच, पण सगळा त्याचा नव्हता. सिनेमा एका ठिकाणी ठेवायचा आणि सगळ्या जगानं तिथं रांग लावायची, अशी रीत होती. एमआयटीत टॉम लेटन हे गणिताचे प्राध्यापक आणि डॅनी ल्यूइन हा त्यांचा विद्यार्थी यांनी ही रांग मोडायचं गणित मांडलं आणि १९९८ मध्ये 'अकामाय' ही कंपनी काढली. त्यांची युक्ती मला लगेच कळली, कारण आमच्याकडे तिला करन्सी चेस्ट म्हणतात. रिझर्व्ह बँक काही प्रत्येक शाखेला थेट पेट्या पोचवत बसत नाही; ठिकठिकाणच्या निवडक शाखांत चेस्ट असतात, आजूबाजूच्यांनी तिथून उचल करायची. तसं, चित्राच्या प्रती गावोगावच्या यंत्रांत ठेवायच्या आणि मागणाऱ्याला जवळच्या यंत्राकडे धाडायचं. कुठलं यंत्र मोकळं, कुठली वाट तुंबलेली, हे घटकेघटकेला ठरवायचं. खरं गणित तिथं होतं.

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमानं आदळली. जगातला जो तो बातमी पाहायला धावला, वृत्तसंस्थांची यंत्रं गुदमरली, आणि अकामायच्या माणसांनी दिवसभर ती गर्दी आपल्या खांद्यावर घेतली. ल्यूइन त्यांच्यात नव्हता. बोस्टनहून निघालेल्या पहिल्या विमानात तो होता. एकतीस वर्षांचा. आपल्या माणसाचं काय झालं हे कळल्यावरही त्याचे सहकारी खुर्चीवरून उठले नाहीत. इथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

आता आमच्या डब्यातल्या धोनीकडे येऊ. २००९ मध्ये ॲपलनं आयफोनसाठी जी पद्धत आणली ती साधारण अशी: चालू चित्राचे दहा-दहा सेकंदांचे काप करायचे. प्रत्येक काप जाड, मध्यम, बारीक अशा प्रतींत ठेवायचा. वाट मोकळी असेल तर फोन जाड काप उचलतो, तुंबली की बारीक. म्हणून मध्येच खेळाडूंचे चेहरे पुसट होतात. पण फोन सुरुवात करतो ती दोन-तीन काप मागं राहून, गंगाजळी हाताशी ठेवून. तीन काप म्हणजे अर्धा मिनिट. बोगदा आला की ही शिल्लक खर्च होते, संपली की चक्र फिरतं, आणि बाहेर आल्यावर फोन थांबला होता तिथूनच पुढं निघतो. जो जितका थांबला तो तितका मागं. भाच्याचं म्हणणं हेच होतं. आणि गंमत म्हणजे हे काप दुधाच्या गाडीनं येत नाहीत, पोचपावतीच्या पद्धतीनं येतात. सामना म्हणजे लोणचं! पूर्ण मिळतो, पण मुरून.

त्या संध्याकाळी एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक तो सामना हॉटस्टारवर पाहत होते. तेव्हाचा तो विक्रम. भाचा म्हणतो, येणाऱ्या गर्दीपेक्षा जाणारी गर्दी वाईट. धोनी गेल्याबरोबर सगळ्यांनी मागं जायचं बटण दाबलं आणि सगळे एकदम मुखपृष्ठावर येऊन आदळले. सामना दाखवणाऱ्या यंत्रांना एकदम आराम आणि मुखपृष्ठाच्या यंत्रांची धावपळ. लग्नात पंगत उठल्यावर चपलांपाशी होतं तसं.

दुधाची पद्धत मला कळली ती मात्र पुस्तकातून नव्हे. मे २०२१ मध्ये अण्णा रत्नागिरीला इस्पितळात होते. मी डोंबिवलीत, बँक अत्यावश्यक सेवेत, आणि जाऊनही आत कुणी सोडत नव्हतं. एका सिस्टरनं आपल्या फोनवरून चित्र लावून दिलं. म्हणाली, "पाच मिनिटं हं दादा, मला पुढं जायचंय." अण्णांचा चेहरा आला, नाकावर मास्क, आणि चित्र थिजलं. मी फोन बंद करून पुन्हा लावला. पुन्हा थिजलं. खिडकीत गेलो, जिन्यात गेलो, पुन्हा लावला. साडेतीन मिनिटं मी अण्णांना पूर्ण जुळवत होतो. तेवढ्यात थिजलेल्या चित्रातून आवाज आला, तुटका, पण वेळेवर: "चित्र राहू दे रे. तू बोल." गर्दी झाली की असे फोन आधी चित्र सोडतात आणि आवाज वाचवतात, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला काय बोलावं ते सुचेना. मी म्हणालो, "आज कॅश पहिल्या झटक्यात टॅली झाली, अण्णा." ते हसल्यासारखं वाटलं. मग सिस्टर म्हणाली, "झालं हं दादा."

अण्णा घरी आले. पुढं तीन वर्षं होते.

१९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कपचा अंतिम सामना होता, रविवारी, म्हणून मी गावी गेलो. आमच्या डिशची छत्री माकडांनी फिरवून ठेवली होती. पडवीत एका विशिष्ट खांबाला टेकून बसलं की फोनला रेंज येई; तिथं अण्णा आणि मी एका फोनवर सामना पाहत बसलो. शेजारच्या भाऊंकडे टीव्ही होता आणि पोरंटोरं तिकडेच. एकाच वेळी फोनवर पाहणाऱ्यांचा आकडा त्या दिवशी ५ कोटी ९० लाखांवर गेला. त्यातले आम्ही दोघं, पण आकड्यात एकच धरले असणार.

मॅक्सवेलला रोहितनं सिक्सर मारला. अण्णा सरसावून बसले. पुढचा चेंडू, चौकार. आणि आमचा चौकार सीमेकडे पळत असतानाच भाऊंच्या घरातून सगळी पोरं एका सुरात "आऽऽ" करून गप्प झाली. अण्णांना ऐकू कमी येई. त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "आज हा ऐकत नाही. बघ तू, पुढचाही मारतो."

मी म्हटलं, "हो."